गौहर आपाचे सहा ठिपके

शहागंजातल्या त्या छोट्या धर्मादाय दवाखान्यात ई.सी.जी.च्या खोलीबाहेर एक बाकडं आहे. त्यावर बसलेल्या माणसाला आतलं काही दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. आणि येतं ते असं : "अय्यो, हा ब्लाउज कुणी शिवला हो मावशी? काखेत केवढा ओढतोय! आणि बाह्या बघा, दोघी सख्ख्या बहिणी आहेत की सवती?" नवा माणूस दचकतो. आपली बायको छातीत दुखतंय म्हणून आत गेली की शिलाईची तक्रार घेऊन, हेच त्याला कळेनासं होतं. जुना माणूस मात्र पाय पसरून निवांत बसतो. आत गौहर आपा आहे आणि काम सुरू झालंय, एवढं त्याला कळलेलं असतं.

गौहर पन्नाशीला टेकली आहे. अंगानं काटकुळी, आवाजानं दणदणीत. कुणी दार न वाजवता खोलीत डोकावला, तर तो शिपाई असो की दवाखान्याचा विश्वस्त, त्याचा पाणउतारा ठरलेला. सगळे तिला आपा म्हणतात. तिच्यापेक्षा मोठ्या बायकाही म्हणतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तिचं काम दिसायला सोपं आहे. पेशंटला झोपवायचं, हातापायांना चिमटे लावायचे, छातीवर सहा जागी रबरी फुगे चिकटवायचे, बटण दाबायचं, गुलाबी चौकटींचा कागद बाहेर आला की डॉक्टरांकडं नेऊन द्यायचा. इतकं सोपं काम ती इतक्या गंभीरपणानं का करते, हे कळायला आधी तिच्या बापाचं दुकान बघायला हवं.

नवाब टेलरचं दुकान घड्याळाच्या टॉवरपासून हाकेच्या अंतरावर होतं. दुकान कसलं, दोन मशिनी आणि एक पडदा. नवाबमास्तर फक्त बायकांचे कपडे शिवत आणि जन्मभरात त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला हात लावला नाही. मापं घ्यायची गौहर. शाळेतून आली की दप्तर कोपऱ्यात टाकून ती पडद्याआड शिरे, टेप लावी आणि आतूनच आकडे ओरडे. बाहेर मास्तर लिहून घेत. सिल्लोड-फुलंब्रीकडच्या नऊवारीतल्या बायका येत, मोहल्ल्यातल्या बुरख्यातल्या येत. लाजणं मात्र दोघींचं सारखंच. कुणी पदर सोडत नसे, कुणी बुरखा काढत नसे. मास्तर लेकीला सांगत, "नाप आंख से नै लेते बेटा, उंगली से लेते. आंख शरमाती, उंगली नै शरमाती." म्हणून गौहर नजर छताकडं लावून पदराखालून हात घाली आणि बोटांनी खांदा, बरगडी, कंबर चाचपून माप सांगे. तोंडानं गप्पा चालूच, म्हणजे समोरच्या बाईचं हाताकडं लक्षच जात नसे. शिवणीच्या जागी खडूची खूण केल्याशिवाय मास्तर कात्री उचलत नसत. ती सवयही लेकीनं उचलली.

पुढं तयार ब्लाउज बाजारात आले, मास्तरांची नजर अधू झाली, एक मशीन विकलं गेलं. त्याच सुमारास दवाखान्यातल्या डॉक्टर सुलेखा मॅडम आपला ब्लाउज न्यायला दुकानात आल्या. पडद्याच्या फटीतून त्यांनी पाहिलं, की एक अवघडलेली, थरथरणारी पोरगी गौहरच्या हाताखाली बघता बघता हसायला लागली आणि माप घेऊन झालं तरी तिचा बुरखा खांद्याखाली उतरला नव्हता. मॅडम ब्लाउज विसरल्या. त्यांना वेगळीच चिंता पोखरत होती. त्यांच्या दवाखान्यात ई.सी.जी. काढायला एक पुरुष होता. माणूस सज्जन. पण छाती उघडी करायची म्हटलं की निम्म्या बायका उठून घरी जायच्या. उरलेल्या निम्म्यांचा कागद तो बिचारा त्यांची लाज राखत, ब्लाउजच्या गळ्याशी जेवढी जागा मोकळी दिसेल तेवढ्यात फुगे लावून काढायचा. तसल्या कागदावरून हृदयाचं काय सांगायचं?

मॅडमनी गौहरला शिकायला पाठवलं आणि उरलेलं स्वतः शिकवलं. त्यांची समजवायची रीत साधी होती. "गौहर, ठोका पडला की विजेची बारीकशी लहर अंगात पसरते. हे सहा फुगे म्हणजे घराभोवती उभे केलेले सहा शेजारी. एकेकाला घराची एकेक भिंत दिसते. कोणत्या भिंतीला रक्त पोचत नाही, ते त्या बाजूचा शेजारी सांगतो. पण शेजाऱ्याला भलत्या जागी उभा केलास, तर तो भलतीच साक्ष देणार. नसलेला जुना झटका दाखवील, नाहीतर असलेला लपवील."

गौहरला हे लगेच पटलं. गळ्याचं माप कमरेला घेऊन ब्लाउज बेतणारा टेलर तिनं पाहिला नव्हता. ती गळ्याखालच्या हाडावरचा उंचवटा बोटानं शोधू लागली, तिथून बरगड्यांमधल्या फटी मोजत खाली उतरू लागली, आणि चौथी फट, पाचवी फट तिच्या बोटांना बाजारातल्या गल्ल्यांइतकी पाठ झाली. नजर छताकडं, हात चादरीखाली, तोंडानं ब्लाउजची निंदा. आणि जागा सापडली की फुगा लावण्याआधी चादर बोटभर उचलून साध्या बॉलपेननं एक ठिपका. असे सहा ठिपके. मॅडमनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, हे काय? गौहर म्हणाली, "दुसऱ्यांदा काढायचा झाला तर जागा हलायला नको. आमच्यात खडूशिवाय कात्री लावत नाहीत." मॅडमनी त्या दिवसापासून दवाखान्याचा तसा नियमच करून टाकला.

मोहल्ल्यात कुरबुर झाली. परक्यांच्या छातीला हात लावायची नोकरी, कसलं हे? नवाबमास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी भांडण केलं ते तेव्हा. गौहरनं आपणहून अट घातली, मी फक्त बायकांचे काढीन. ती अट काही महिने टिकली. मग एका दुपारी मोंढ्यात धान्याची पोती वाहणारा एक हमाल छाती धरून, घामानं निथळत आला आणि पुरुषांचे कागद काढणारा तो सज्जन माणूस नेमका जेवायला गेलेला. गौहरनं हमालाकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, आणि शर्टाची बटणं सोडायला लागली. त्या दिवशी अट मोडली ती कायमची. नवरा अझहर शाळेची व्हॅन चालवतो, तो तिला रोज संध्याकाळी विचारतो, "आज कितने दिल देखे? हमारा कब देखोगी?" एकदा तिनं त्याला खरंच आडवा पाडून कागद काढला आणि तो नीट आला तेव्हा खट्याळपणे म्हणाली, "यंत्र तर सांगतंय की आहे. मला वाटलं होतं नसेलच."

अशी ही गौहर. तिची खरी कसोटी लागली ती मनकर्णाबाईच्या वेळी.

दिवाळी होऊन गेली होती. कापूस वेचणी जोरात होती. मनकर्णाबाई सिल्लोडजवळच्या एका गावची, साठीच्या पुढची, साखरेचा आजार असलेली. आदल्या दिवशी कापूस वेचताना तिची पाठ धरली. मग जबडा दुखायला लागला. दाढ असेल म्हणून तिनं लवंग धरली. सकाळी मळमळलं, अंगाला दरदरून घाम फुटला, तेव्हा गॅस झाला म्हणून ओवा चावला, वर सोडा प्यायली. छातीत दुखतंय असं ती एकदाही म्हणाली नाही, कारण छातीत तसं दुखत नव्हतंच. नुसतं जड वाटत होतं. तिचा मुलगा शिवराज वाळूजच्या कंपनीत कामाला होता, त्या दिवशी सुट्टीवर गावी आलेला. त्यानं तिला आधी जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं कंपाउंडरनं ई.सी.जी. काढला. डॉक्टर म्हणाले, "कागद तसा ठीक दिसतोय, पण दुखणं बरं वाटत नाही, शहरात दाखवून घ्या." शिवराजनं त्यातलं पहिलं अर्धं मनाशी पक्कं धरलं. दुसरं अर्धं त्यानं केवळ आई ओकली म्हणून ऐकलं आणि ओळखीच्या जीपमधून तिला शहागंजात आणलं.

गौहरनं तो आधीचा कागद पाहिला आणि मनकर्णाबाईला विचारलं, "मावशी, हा काढला तेव्हा फुगे कुठं लावले होते?"

"हितं," मनकर्णाबाईनं ब्लाउजच्या गळ्यावरून हात फिरवला. "गडी मानूस व्हता त्यो. म्या काय काढू देती व्हय हुकं!"

"मग माझ्यापुढं तरी सोडा."

"नाय बाई. गॅस हाय नुसता. उगं कामून उघडं करतीस?"

गौहरनं चादर तिच्या गळ्यापर्यंत ओढली, नजर छताकडं नेली आणि सुरुवात केली, "ब्लाउज कुणी शिवला हो हा? काखेत केवढा ओढतोय."

"सिल्लोडात शिवलाय," मनकर्णाबाई एकदम फणकारली. "चांगल्या टेलरकडं. ओढत नाय आन् काय नाय."

"हात वर करा बघू. बघा, ओढतोय की नाही? माझा बाप असता तर दुकानातून हाकलला असता असल्या टेलरला."

"लई शहाणा व्हता का तुझा बाप?"

"लई," गौहर म्हणाली. तेवढ्यात हुक सुटले होते, बोटं चौथ्या फटीवर पोचली होती, आणि मनकर्णाबाई सिल्लोडच्या टेलरची बाजू मांडत असताना तिच्या छातीवर सहा ठिपके उमटलेही होते.

कागद निघाला. सुलेखा मॅडमनी तो खिडकीशी नेऊन पाहिला, पुन्हा पाहिला. त्यात ठामपणे बोट ठेवावं असं काही नव्हतं. एखाद-दोन ठिकाणी रेघ जराशी फुगीर, बस. पण मॅडम नुसत्या कागदावर जाणाऱ्यातल्या नव्हत्या. साखरेचा आजार, घाम, जबडा, पाठ. "एक कागद म्हणजे एक क्षण असतो," त्या शिवराजला म्हणाल्या. "सुरुवातीला झटका कागदावर दिसेलच असं नाही. दुखणं चालू आहे तोवर आपण पुन्हा पुन्हा काढणार. रक्तही तपासायला पाठवलंय. तोवर यांना हलवायचं नाही." त्यांनी एक गोळी चावायला दिली आणि दुसऱ्या पेशंटकडं गेल्या. गौहरनं मनकर्णाबाईला बजावलं, "मावशी, ते ठिपके राहू द्या. पुसू नका."

गौहरला शेजारच्या वॉर्डात एका म्हातारबुवांचा कागद काढायला बोलावणं आलं. परत आली तर खाट रिकामी.

ती धावत बाहेर आली. दवाखान्याच्या पायरीवर मनकर्णाबाई बसली होती, एका हातानं जबडा दाबून, दुसऱ्या हातानं पदर सावरत. शिवराज रस्त्याच्या पलीकडं जीपवाल्याला हाका मारत होता. शहागंजाच्या त्या गर्दीत, हातगाड्या आणि रिक्षांच्या गोंगाटात, गौहर अशी काही ओरडली की केळीवाल्यानंसुद्धा मान वळवली.

"कुठं निघालात?"

"घरी," मनकर्णाबाई म्हणाली. आवाज खोल गेला होता. "म्हैस दुसऱ्याला हात लावू देत नाय. धारंची येळ व्हईल."

शिवराज आला. तो वाईट मुलगा नव्हता. घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला 'नॉर्मल' हा शब्द देवासारखा वाटतो. "आपा, दोनदा काढला. दोन्हीदा काय निगालं नाय. आई ऐकतच नाय, म्या तरी काय करू?"

"तुझ्या आईचा रंग बघ," गौहर म्हणाली. "कागद नको बघूस, आईला बघ. ही कापूस वेचणारी बाई आहे, दोन पायऱ्या उतरली आणि तिला बसावं लागलं. हा गॅस आहे का रे?"

शिवराजनं आईकडं पाहिलं. बहुधा सकाळपासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग खाली वाकला आणि तिला उचलून आत घेऊन आला.

गौहरनं पुन्हा चादर ओढली, पुन्हा हुक सोडले, आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. ठिपके नव्हते. डाव्या बाजूला निळसर डागासारखं काहीतरी फरफटलं होतं, बाकी छाती स्वच्छ. ओल्या पदरानं घासून घासून लाल झालेली.

"मावशी, हे काय केलंत?"

मनकर्णाबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "मोरीत जाऊन पुसलं म्या. छातीवर शाई घिऊन घरी जाऊ व्हय? सून काय म्हनंल?"

गौहरला राग आला, भीतीही वाटली. दोन्ही इतकं एकदम आलं की तिची बोटं थरथरायला लागली. खुणा असत्या तर न शोधताच फुगे लावले असते. आता पुन्हा शोधायचं, आणि शोधायचं ते अगदी तिथंच. बोटभर इकडंतिकडं झालं, तर दोन कागदांत जो फरक दिसेल तो हृदयाचा की आपल्या हाताचा, हे मॅडमना कसं कळणार? आणि मॅडमना कळलं नाही तर ही बाई इथंच खाटेवर वाट बघत राहणार, नाहीतर पायऱ्या उतरून म्हशीकडं जाणार.

या वेळी तिनं ब्लाउजची निंदा केली नाही. आता तिला तो ब्लाउज दिसतच नव्हता. तिनं नजर छताकडं नेली, हात आपल्या कपड्यांना पुसला, आणि बाप पडद्याबाहेर वही घेऊन बसलाय असं मनात आणून गळ्याखालच्या उंचवट्यावर बोट ठेवलं. एक फट. दुसरी. तिसरी. चौथी. पुन्हा वर जाऊन पुन्हा खाली. बोटं थांबली तेव्हा थरथरही थांबली होती. तिनं सहाही ठिपके नव्यानं काढले, जेली लावली, फुगे लावले, आणि बटण दाबलं.

कागद सरकू लागला तशी ती त्यावर वाकली. हृदयाच्या पुढच्या भिंतीच्या तीन रेघांत, जी रेघ उडी मारून पुन्हा जमिनीला टेकायला हवी, ती टेकतच नव्हती. अधांतरी राहत होती. फार नव्हे, पण मघापेक्षा नक्की वर. याचा अर्थ काय, ते ठरवणं तिचं काम नव्हतं. तिनं कागद फाडला आणि मॅडमकडं पळाली.

मॅडमनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. मघाच्या फुगीर जागांना आता अर्थ आला होता. त्यांची नजर त्या तीन रेघांवर खिळली. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गौहर, खुणा पुसल्या होत्या म्हणालीस. जागा त्याच आहेत?"

प्रश्न साधा होता. मॅडम तिच्यावर संशय घेत नव्हत्या. त्यांना पुढचं पाऊल टाकायला जमीन हवी होती. फोन केला की मोठ्या दवाखान्यातली माणसं हातातलं काम सोडून तयार होणार, बाईच्या मांडीतून किंवा मनगटातून नळी थेट हृदयापर्यंत जाणार. उगाच करायची गोष्ट नव्हती ती. आणि खरीच असेल, तर प्रत्येक मिनिटाला हृदयाचा एकेक तुकडा मरत होता.

"त्याच आहेत, मॅडम," गौहर म्हणाली.

मॅडमनी मान हलवली आणि फोन उचलला.

पुढचं सगळं भराभर झालं. जालना रोडवरच्या मोठ्या दवाखान्याशी मॅडमचं आधीपासून ठरलेलंच होतं. दोन्ही कागदांचे फोटो तिकडं गेले, ॲम्ब्युलन्स आली. गौहर ॲम्ब्युलन्समध्ये मनकर्णाबाईच्या उशाशी बसली, कारण मनकर्णाबाईनं तिचं मनगट धरलं होतं ते सोडेचना. क्रांती चौकात गाडी अडकली तेव्हा ती पुटपुटली, "पोरी, गॅस न्हवता व्हय गं?" गौहर म्हणाली, "नव्हता, मावशी." खोटा धीर देण्याची सवय तिला बापानं लावलीच नव्हती. शिवराज पुढं ड्रायव्हरशेजारी बसून रडत होता, आणि कुणी बघतंय का याची त्याला पर्वा नव्हती.

तिथं दिसलं, की हृदयाच्या पुढच्या भिंतीला पुरवठा करणारी मोठी रक्तवाहिनी गुठळीनं जवळजवळ बंद झाली होती. ती उघडली, आत जाळीचा आधार ठेवला. तिथल्या डॉक्टरांनी सुलेखा मॅडमना फोनवर सांगितलं, की ही बाई घरी पोचली असती तर गावातून परत आली नसती. मॅडमनी ते शब्द जसेच्या तसे गौहरला सांगितले. गौहर तेव्हा परत येऊन यंत्राचे फुगे धूत होती. ती "अच्छा" म्हणाली आणि धूतच राहिली. सगळे धुऊन झाले तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण मघाशी धुतलेलेच पुन्हा धुतोय. घरी गेल्यावर तिनं अझहरला सगळं सांगितलं, आणि त्या संध्याकाळी अझहरनं तिची चेष्टा केली नाही.

मनकर्णाबाई पुढच्या तपासण्यांना शहागंजातच येऊ लागली. मोठ्या दवाखान्यात लिफ्ट आहे, थंडगार हवा आहे, पण तिथं कुणी ब्लाउजबद्दल बोलत नाही, अशी तिची तक्रार होती. दर वेळी दोघी भांडत. गौहर शिलाईला नावं ठेवी, मनकर्णाबाई तिच्या कानातल्या डुलांना. ठिपके काढताना मात्र मनकर्णाबाई मान उचलून निरखून बघे. महाशिवरात्रीच्या तोंडावर आली तेव्हा तिनं विचारलं, "ह्ये किती दिस टिकतंय?"

"पाण्यानं जातं, मावशी. आता गेलं तरी चालेल. आजचं काम झालं."

मनकर्णाबाईनं ठिपक्यांना धक्का न लावता जपून हुक लावले.

त्यानंतर ती आली ती उन्हाळा लागल्यावर. शिवराज बाहेर बाकड्यावर बसला, पाय पसरून, जुन्या माणसासारखा. मनकर्णाबाई आत आली, खाटेवर आडवी झाली आणि गौहर चादर घ्यायला वळते तोवर तिनं स्वतःच हुक सोडले. जिनं गडी माणसापुढं सोडा, बाईपुढंही हुक काढायला नकार दिला होता, ती छाताडावरचा पदर बाजूला सारून म्हणाली, "चादर ऱ्हाऊ दे. बग."

गौहरनं पाहिलं. कुणी आपणहून 'बघ' म्हणालं आणि तिनं पाहिलं, असं जन्मात पहिल्यांदाच घडलं. मनकर्णाबाईच्या छातीवर सहा हिरवे ठिपके होते. कपाळावरच्या आणि हातावरच्या गोंदणासारखेच, फक्त नवे.

"शिवरातीला, वेरूळच्या जत्रंत," मनकर्णाबाई म्हणाली. "तू काढल्या त्या जागंला पानी लागू दिलं नाय म्या जत्रंपातुर. गोंदनारी बाईच व्हती. तिला म्हनलं, आडवं लुगडं लाव, आन् ह्या शाईवरच टोच, केसभर हिकडं तिकडं नगं."

"मावशी!" गौहर किंचाळलीच. "रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत तुमच्या! आणि टोचून घेतलंत? मॅडमना कळलं तर मला आणि तुम्हाला, दोघींना..."

"आलं थोडं रगत. थांबलं." मनकर्णाबाई शांत होती. "त्या दिशी म्या पुसल्या व्हत्या ना गं. तुला किती धुंडावं लागलं. तुजा हात कसा कापत व्हता, म्या बगत व्हते. म्हनलं, आता कदी बी झालं, रातच्याला झालं, तू नसली, दुसरं कोन बी असलं, तरी जागा घावली पायजे. आता कुटं पुसत्यात!"

गौहरनं चौथ्या फटीवर बोट ठेवलं. पहिला ठिपका बोटाखाली आला. दुसरा आला. ती बरगडीच्या कडेनं खाली उतरत गेली, काखेखालपर्यंत, एकेक तपासत. सहाही ठिपके जिथल्या तिथं होते. गोंदणाऱ्या बाईनं केसभर इकडंतिकडं केलं नव्हतं. पेन तिच्या हातात तसंच राहिलं, आणि काय करावं ते न कळून तिनं ते कानावर खोचलं, जसा तिचा बाप खडू खोचायचा.

बाहेर शिवराज कान देऊन बसला होता. आतून आपाचा आवाज का येत नाही, याची त्याला काळजी वाटायला लागली.

शेवटी आवाज आला, पण ओळखू न येण्याइतका हलका. "मावशी, ब्लाउज छान शिवलाय हो."

"खोटं बोलू नगं," मनकर्णाबाई म्हणाली. "काखंत ओढतोय."